पुनी आत्याची जागा

सालगी होरो त्या संध्याकाळी घराबाहेर पडली, ती फक्त एक पहार मागायला.

"कुठली सालगी, ताता?" जौनीनं विचारलं.

"हेसाडीची. माझ्या मेव्हण्याची नात. रांचीला कॉलेजात शिकते ती. आणि ऐका, ही गोष्ट मला सालगीनं स्वतः सांगितली आहे, आणि पोकलेन चालवणाऱ्या पोरानं वेगळ्यानं सांगितली आहे. दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. तरी गोष्ट जुळते. तेव्हा मध्ये कुणी हसायचं नाही."

खळ्यावर मळणीच्या भाताची राखण चालली होती. चार पोरगे, एक पोरगी, शेकोटी, आणि घोंगडीत गुरफटलेला एतवा ताता. जौनी त्याची नात. तिला म्हाताऱ्यांच्या गोष्टी आवडत, पण म्हातारे गोष्ट सांगताना खोकतात, विडी शोधतात, नातीगोती लावत बसतात, ते आवडत नसे.

"मग सांग ना. पहार."

पहार. तर गेल्या वर्षीची पूस महिन्यातली अमावास्या. रविवार होता. सोमवारी सकाळी मोजणीचे साहेब हेसाडीला येणार होते.

हेसाडीचं ससन तुम्ही बसमधून पाहिलं आहे. रस्त्याला लागूनच, चिंचांच्या खाली. मोठ्या शिळा, बुटक्या दगडांवर टेकवलेल्या, जणू कासवं उन्हाला बसली आहेत. होरो म्हणजे कासवाचंच कूळ, त्यांना शोभतं. प्रत्येक शिळेच्या पोटाखाली एकेका घरातल्या मेलेल्यांची हाडं. गावाकडे जमिनीचा दुसरा कागद नाही. शिळा आहेत म्हणून गाव आहे.

आणि पलीकडच्या टेकडीवर दगडाची खाण निघाली होती. ठेकेदाराला खाणीपर्यंत सरळ रस्ता हवा होता. तो ससनाच्या बरोबर मधून जात होता.

सालगीनं दोन वर्षं अर्ज केले होते. शिळा मोजल्या, फोटो काढले, पत्रं पाठवली. जुन्या वास्तू सांभाळणारे म्हणाले, इथं तुम्ही अजून माणसं ठेवता, म्हणजे ही जागा प्राचीन नाही, आमच्याकडे येत नाही. जमीनवाले म्हणाले, इथं कित्येक वर्षांत कुणाला ठेवलेलं दिसत नाही, म्हणजे ही जागा पडीक आहे. सालगी म्हणायची, "एकाला आम्ही फार जिवंत आहोत, दुसऱ्याला फार मेलेले."

पण दुसऱ्याचं बोलणं खोटं नव्हतं. सात वर्षांत त्या शिळांखाली एकही मडकं गेलं नव्हतं. आणि त्याला कारण ठेकेदार नव्हता. कारण होती पुनी आत्या.

पुनी ही सालगीच्या बापाची बहीण. लग्न होऊन गेली. नवरा मारायचा. एक दिवस उठली आणि चालत माहेरी आली. भावाच्या शेतात राबली, भावाची पोरं वाढवली, सालगीला तर तिनंच चालायला शिकवलं. मग मेली. दहन झालं, हाडं धुऊन नव्या मडक्यात भरली, मडकं पडवीत टांगलं. पूस महिन्यात शिळा उचलायची, मडकं खाली ठेवायचं, संपलं. पण गावकी बसली. म्हातारे म्हणाले, गुरं घेऊन दिलेली पोर, तिची जागा सासरच्या दगडाखाली. सासरचे म्हणाले, पळून गेलेली बाई, आमच्याकडे नको. झालं भिजत घोंगडं! आणि हेसाडीची रीत अशी की आधीचं मडकं बाहेर असेल तर मागचं आत जात नाही. मग पुनीच्या मागून जे जे मेले त्यांचीही मडकी आपापल्या पडवीत टांगलेली. सगळं कूळ दारात लोंबकळत होतं.

रविवारी संध्याकाळी सालगी काकाच्या अंगणात गेली. काका म्हणजे डेमका, गावचा मुंडा, गावचा मुख्य माणूस. चार म्हातारे हंडियाचे, भाताच्या दारूचे, पानांचे दोणे घेऊन बसले होते.

"काका, उद्या साहेब विचारतील, इथं शेवटचं कुणाला ठेवलं. काय सांगणार?"

"सांगू, लवकरच ठेवतो आहोत."

"सात वर्षं तेच चाललं आहे. आज ठेवा. आत्ता. आठ जण लागतात, तुम्ही इथंच चार बसलात."

"मई, पोरी, रात्री शिळा उचलतात का कुणी?"

"मग सकाळी साहेबांच्या आधी."

"कुणाला ठेवायचं?"

"पुनी आत्याला. पहिला नंबर तिचा आहे."

एका म्हाताऱ्यानं दोणा खाली ठेवला आणि म्हणाला, "कॉलेजात जाऊन जीभ लांब झाली पोरीची."

"जीभच लांब झाली आहे, ताता. हात तुमचे आखूड झालेत."

"रीत म्हणजे रीत, मई," डेमका म्हणाला. "तिथं कुळातली माणसं झोपलीत. त्यांना विचारल्याशिवाय परकी बाई आत घालायची नाही."

"परकी? तुमची बहीण होती ती काका! तुमचं उष्टं काढायची ती. आणि रीत पाळायला दगड तर उरायला हवेत ना? उद्या शिळा गेल्या तर कुठल्या कुळात झोपाल तुम्ही? खडीत?"

"घरी जा."

"पहार द्या, जाते."

पहार मिळाली नाही. जाताना तिनं ती काकाच्या गोठ्यातून उचलली.

"बरं केलं," जौनी म्हणाली.

"मध्ये बोलू नको म्हटलं ना."

"हसायचं नाही म्हणालास. मी हसले कुठं?"

तर सालगीनं मडकं पडवीतून काढलं आणि डोक्यावर घेतलं. रीत तिलाही ठाऊक होती. मडकं शिळेकडे न्यायच्या आधी पोरीनं ते डोक्यावर घेऊन गावभर फिरायचं असतं. जिथं जिथं ते माणूस वावरलं तिथं तिथं. बरोबर बाया असतात, दारोदारी मडक्याला हळद लावून निरोप देतात, ढोल असतो, रडणं असतं. सालगीबरोबर कुणी नव्हतं. एका हातानं मडकं धरलेलं, दुसऱ्या हातात पहार.

पहिल्या दारासमोर ती थांबली. "पुनी आत्या निघाली," ती म्हणाली. "निरोप द्या."

आत दिवा होता. तो विझला.

दुसरं दार. "पुनी आत्या निघाली. तुझं पोर तिनं ओढ्यातून काढलं होतं, मावशी. निरोप दे."

आत कुणी तरी खोकलं. दार उघडलं नाही.

तिसरं. चौथं. सालगीला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि रागानं तिचा आवाज वाढत चालला होता. शेवटच्या दाराशी तर ती ओरडलीच, "नका देऊ! तिला तुमची सवयच आहे!"

मग तिच्या लक्षात आलं. आख्खं गाव फिरून झालं, ती ओरडली, डोक्यावर मडकं, अमावास्येची रात्र. आणि एकही कुत्रं भुंकलं नव्हतं. कुत्री होती. दारादारात बसली होती. सगळी तिच्या मागे कुठं तरी बघत होती.

ती विहिरीवर गेली. शेताच्या बांधावर गेली. मग रस्त्याला लागली.

रस्त्यावर धुकं होतं. चप्पल घरीच राहिली होती, पायाखालची खडी गार लागत होती. थोडं चालल्यावर तिला मागे पावलं ऐकू आली.

तिला बरंच वाटलं. काकाला लाज वाटली तर शेवटी, असं तिच्या मनात आलं. डोक्यावर मडकं असताना मान वळवता येत नाही, म्हणून ती पुढे बघूनच बोलली.

"यायचं तर बरोबरीनं या, काका. चोरासारखं मागून कशाला?"

पावलं मागेच राहिली.

"आणि एकटे आलात की बाकीच्या शूरवीरांनाही आणलंत?"

पावलं तिच्या पावलांबरोबर पडत होती. एका माणसाची नव्हती ती. दोन... चार... जास्त. अनवाणी.

"पहार तुमचीच आहे. परत देईन."

मग तिला दुसरा आवाज ऐकू आला. बारीक. किणकिण. काचेवर काच घासावी तसा.

बांगड्या.

सालगी थांबली.

पावलं थांबली.

ती चालायला लागली. पावलं चालायला लागली.

"मग तिनं मागं पाहिलं का?" शेकोटीपलीकडून एक पोरगा म्हणाला. त्याचा आवाज जरा पातळ झाला होता.

"नाही. मला म्हणाली, ताता, मी विचार केला, दारं न उघडणाऱ्यांपेक्षा या बऱ्या. निदान बरोबर तरी आल्यात. आणि ती पुढे चालत राहिली."

ससनात पोचल्यावर तिनं मडकं उतरवलं. मातीवर ठेवायचं नसतं, म्हणून ओढणीत बांधून पोटाशी धरलं. तेव्हा मागं वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. फक्त रस्त्यापासून शिळेपर्यंतचं गवत... दवानं पांढरं झालेलं सगळं गवत... बैलगाडी जाईल एवढ्या रुंदीत तुडवलेलं होतं.

तिनं त्याचा विचार केला नाही. करून चालणार नव्हतं. तिनं घरच्या शिळेखाली पहार घातली आणि जोर लावला. पुन्हा लावला. अंगाचा भार टाकून लोंबकळली. शिळा कशाला हलते? आठ बाप्यांचं काम ते.

आणि त्याच वेळी वळणावर दिवे दिसले.

पोकलेन होतं. पुढे मोटरसायकलवर ठेकेदाराचा मुनशी. मशीन चालवणारा पोरगा गुड्डू, विशीतला, कानटोपी घातलेला. सकाळी साहेब यायच्या आत जागा सपाट करायचा हुकूम होता. सपाट जागेवर कुणाचा दावा असणार?

मुनशीनं बॅटरी मारली. "कोण आहे? अरे, ही तर अर्जवाली बाई! काय गं, मध्यरात्री मोजमाप?"

"माझ्या आत्याला ठेवायला आले आहे."

"कुठाय आत्या?"

सालगीनं पोटाशी धरलेलं मडकं दाखवलं.

मुनशी हसला. "उद्या ठेव. टेकडीवर कुठंही ठेव. दगडांना काय तोटा आहे तुमच्याकडे? आता सरक."

"नाही सरकत."

"हे बघ, अंधार आहे, मशीन आहे. कुणाला दिसलं नाही, अपघात झाला, असं होतं कधी कधी."

सालगी शिळेला पाठ लावून खाली बसली. मडकं मांडीवर घेतलं. पहार बाजूला ठेवली. तिनं मांडी घट्ट घातली.

"चालव," ती म्हणाली. "चालव रे पोरा. तुझ्या मालकाला सांग, सात वर्षं इथं कुणी आलं नाही म्हणत होतास ना? एकदम दोघी आल्या."

"गुड्डू, चालू कर. घाबरेल."

मशीन घरघरलं. वरचे दोन्ही दिवे लागले. सालगीचे डोळे दिपले. तिला फक्त पांढरा उजेड दिसत होता आणि उजेडात वर जाणारा लोखंडी पंजा.

तो पंजा अर्ध्यावर थांबला.

"काय झालं?" मुनशी ओरडला.

गुड्डू काचेतून पुढे बघत होता.

"अरे, काय झालं?"

"मुनशीजी... तिच्या मागच्या कोण आहेत?"

"कुठल्या मागच्या?"

"त्या... सगळ्या."

मुनशीनं बॅटरी फिरवली. सालगी. शिळा. चिंच. "कुणी नाही. चालव."

"बसल्यात," गुड्डू म्हणाला. "शिळेला टेकून... तिच्यासारख्याच... मांडी घालून..."

"गुड्डू!"

"आता उठतायत."

मशीन बंद पडलं.

दिवे गेले.

बॅटरी गेली.

शेकोटीतलं लाकूड तडकलं तशी दोन पोरं दचकली. एतवा ताता थांबला. जौनीनं गुडघे पोटाशी घेतले होते.

"सांग," ती म्हणाली.

काळोख. असा की सालगीला स्वतःचे हात दिसेनात. मशीनचं गरम लोखंड टिकटिक करत होतं. मग तेही थांबलं.

बांगड्या.

अगदी जवळ. डाव्या बाजूला. उजव्या बाजूला. तिच्या डोक्यावर.

सालगी बोलली. मला म्हणाली, ताता, मला भीती वाटली नाही असं नाही. पण म्हटलं, आता गप्प बसले तर माझ्यात आणि काकात फरक काय?

ती म्हणाली, "ही पुनी. मारलं म्हणून परत आली. कुणी घेत नाही हिला. तुम्ही घेता का?"

...

...

तिच्या पाठीला लागलेली शिळा हलली.

दगडावर दगड घासला. हळू. जड. तिच्या पाठीवरून, खांद्यावरून, मानेवरून शिळेची कड वर गेली. थंड वारा आला. वरून नाही. खालून. मातीचा वास. उकडलेल्या भाताचा वास.

मांडीवरचं मडकं उचललं गेलं.

ओढलं नाही. हिसकावलं नाही. दोन हात ओढणीखाली शिरले आणि झोपलेलं लेकरू घ्यावं तसं ते अलगद...

शिळा खाली बसली.

मग कुठं दूरवर एक कुत्रं भुंकलं. मग दुसरं. मग गावातली सगळी.

मुनशी मोटरसायकल टाकून पळाला होता. गुड्डू मशीनमध्येच बसून होता, डोळे घट्ट मिटून. पहाटे सालगीनंच त्याला खाली उतरवलं, पाणी पाजलं. तो तिच्याकडे न बघता रस्त्याला लागला. आता तो टाटानगरात रिक्षा चालवतो.

"आणि साहेब?" जौनी म्हणाली.

साहेब उजाडल्यावर आले. गाव आलं. म्हातारे आले. ठेकेदाराचा माणूसही आला, कुणी दुसरा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. पोकलेन ससनाच्या तोंडाशी उभं होतं, ते कुणाचं हे कुणीच सांगेना.

डेमका मुंडानं आधी सालगीची पडवी पाहिली होती. "मडकं कुठाय?" त्यानं हळूच विचारलं.

"जिथं असायला हवं तिथं."

"एकटीनं शिळा उचललीस?"

"मी नाही."

"मग कुणी?"

"तुम्ही नाही, एवढं नक्की."

साहेब चांगले होते, पण घाईत होते. त्यांनी विचारलं, "या जागेत शेवटचं कुणाला ठेवलं?"

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मूग गिळून बसायची सवय, ती एका सकाळीत थोडीच जाते? सालगी पुढे आली.

"पुनी होरोला. काल रात्री."

इस्त्रीचा शर्ट हसला. "साहेब, शिळेभोवतीची माती बघा. शेवाळ बघा. वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही."

ते खरं होतं. शिळेच्या कडेचं शेवाळ जिथल्या तिथं होतं. मातीला चीरसुद्धा नव्हती. सालगीनंही ते तेव्हाच पाहिलं.

"पुरावा?" साहेब म्हणाले.

"उचलून बघा," सालगी म्हणाली. साहेबांना नाही. काकाला. "उचला, काका. मडकं नसलं तर मी खोटी. जागा जाऊ दे, मीही गाव सोडते. पण हात तुम्ही लावायचा. सात वर्षं झाली. आता लावा."

सगळं गाव डेमकाकडे बघत होतं. मग त्यानं डोक्याचं फडकं काढून कमरेला बांधलं आणि म्हणाला, "बल्ल्या आणा."

आठ जण लागले. त्या चार म्हाताऱ्यांपैकी दोघंही लागले, बाकीच्या दोघांची कंबर धरते. शिळेखाली लाकडाच्या बल्ल्या घातल्या. एक आवाज, एक हिसका. शेवाळ टरटर फाटलं. शिळा एका कडेवर उभी झाली, तसे सगळे वाकले.

आत कुळाची मडकी होती. जुनी, काळी, माती झालेली. आणि त्यांच्या मध्ये, सगळ्यांनी सरकून जागा करून द्यावी तसं, एक मडकं सालगीच्या निळ्या ओढणीत बांधलेलं.

साहेबांनी लिहिलं, सही केली. त्या कागदावर हेसाडीचं ससन चालू आहे असं आहे, आणि ते आजही आहे. रस्ता टेकडीला वळसा घालून गेला. त्याच पूस महिन्यात बाकीच्या पडव्याही रिकाम्या झाल्या. म्हातारे आता सांगतात, आम्हीच ठरवलं होतं.

"सांगणारच," जौनी म्हणाली. तिचा आवाज पुन्हा तिच्यासारखा झाला होता. "संपली?"

"नाही. शिळा अजून उभी आहे ना. ती खाली ठेवायची राहिली."

एतवा तातानं विडी काढली होती. ती त्यानं पेटवली नाही.

तर आठ जण शिळा धरून उभे. खाली ठेवणार, तेवढ्यात डेमका म्हणाला, थांबा. त्याचं लक्ष शिळेच्या पोटाकडे गेलं होतं. खालच्या बाजूकडे. मागच्या वेळी ही शिळा त्यानंच उचलली होती. तेव्हा तिथं नुसता दगड होता.

आता तिथं पंजे होते.

हळदीचे. इथून तिथून, सगळ्या पोटभर. बायकांचे हात. लहान, मोठे, काही वाकड्या बोटांचे. मनगटापाशी बांगड्यांच्या रेघा उमटलेल्या. तळवे पूर्ण टेकवलेले, बोटं फाकवलेली... खालून भार उचलताना टेकवतो तसे.

सालगीजवळ रात्री हळद नव्हती. तिला कुणी काही दिलंच नव्हतं.

डेमकानं हात पुढे केला. मागे घेतला. मग पुन्हा पुढे केला आणि एका पंजाला बोट लावलं.

बोट पिवळं झालं.